३६ केएआर म्हणजे छत्तिसावी पलटण नव्हे

प्रश्न दोन आहेत. १९४४ साली ब्रह्मदेशात लढलेल्या किंग्ज आफ्रिकन रायफल्सच्या (केएआर, ब्रिटिशांची पूर्व आफ्रिकेतली रेजिमेंट) पलटणींना २६, ३४, ३६, ४४ असे आकडे आहेत, ते ओळीने दिलेले का? आणि १९०२ ची सोमालीलँडची सहावी पलटण तीच पुढे टांगानिकात (आजच्या टांझानियाच्या मुख्यभूमीत) गेली का? दोन्हीचं उत्तर 'नाही'.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला २/६, ३/६ असं लिहीत. सहावीची दुसरी पलटण, तिसरी पलटण. पुढे मधली तिरकी रेघ गेली आणि अंक शेजारी बसले: २६, ३६. तसंच ३/४ चं ३४, ४/४ चं ४४. म्हणून आकडा शेवटून वाचा. सहसा शेवटी १ किंवा २ असेल तर न्यासालँड (आजचा मलावी), ३ तर केनिया, ४ तर युगांडा, ६ तर टांगानिका. फसवतो तो ११. तो १/१ नव्हे, कारण १/१ ला नुसता १ राहिला. ११ ही केनियाची वेगळी पलटण. पाचवीही केनियाचीच.

पण वर्ष पाहिल्याशिवाय हे कोष्टक लावू नका. १ जानेवारी १९०२ ला सहा पलटणी झाल्या तेव्हा पाचवी युगांडातल्या हिंदी शिपायांच्या कंपन्यांची होती, ती १९०४ मध्ये मोडली. सोमालीलँडची सहावी १९१० मध्ये मोडली. न्यासालँडची दुसरी १९११ मध्ये गेली, आणि ती मोडणं माझ्या मते या रेजिमेंटच्या इतिहासातली सर्वांत महागात पडलेली काटकसर. घरी पाठवलेल्या तयार शिपायांपैकी काही सीमा ओलांडून शेजारच्या जर्मन वसाहतीत (पुढच्या टांगानिकात) जर्मनांच्या चाकरीत गेले. १९१४ ला युद्ध पेटलं तेव्हा हाताशी तीन पलटणी, २१ लहान कंपन्या आणि जेमतेम २,३०० माणसं होती. दुसरी पलटण पुन्हा उभारायला १९१६ उजाडलं. १९१८ अखेर मात्र पलटणी २२ आणि माणसं ३५,००० वर.

टांगानिकाच्या सहावीचं मूळ याच धावपळीत आहे. १९१७ मध्ये ती उभी राहिली ती पकडलेल्या जर्मन अस्करींतून (जर्मनांच्या आफ्रिकी शिपायांतून), म्हणजे कालपर्यंत समोरून गोळ्या झाडणाऱ्यांतून! सोमालीलँडच्या सहावीशी तिचं नातं फक्त आकड्याचं.

१९ मे १९४१ ला इथिओपियात कोलिटोजवळ याच वंशाची १/६ बिलाते नदीपलीकडे नुकती पाय रोवत होती. रणगाडे अडवायला हाताशी काही नसताना झुडपांतून इटालियन रणगाडे बाहेर आले. सार्जंट नायजेल लीकी एका रणगाड्यावर चढला, बुरुजाचं झाकण उपटून उघडलं आणि रिव्हॉल्व्हरने आतल्यांना टिपलं. चालकाला तेवढं जिवंत ठेवून रणगाडा आडोशाला न्यायला लावला. मग तो पायीच पुढच्या रणगाड्यांवर गेला आणि तिथेच पडला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

दारेसलामच्या छावणीला पुढे कोलिटो बॅरॅक्स नाव पडलं. ९ डिसेंबर १९६१ ला सहावीची टांगानिका रायफल्स झाली, पण अधिकारी ब्रिटिशच राहिले. २० जानेवारी १९६४ ला पगार आणि ब्रिटिश अधिकारी या दोन तक्रारींवरून शिपायांनी बंड केलं, ते याच बॅरॅक्समधून.