मर्यादित, सीमित आणि संयम

प्रश्न अमळनेरहून आला आहे: अण्वस्त्रधारी शेजाऱ्यांमधल्या लढाईला 'मर्यादित युद्ध' म्हणावं की 'सीमित युद्ध'? आणि 'संयम' म्हणजे गोड भाषेतली माघारच ना?

'सीमित' चूक नाही, पण तो हिंदी बातम्यांच्या वळणाचा. मराठी कानाला त्यात आधी 'सीमा' ऐकू येते आणि वाचक 'सीमेवरचं युद्ध' समजून मोकळा होतो. दोन्ही गोष्टी वेगळ्या. बालाकोटचा हल्ला (२६ फेब्रुवारी २०१९) नियंत्रण रेषेच्या बराच पलीकडे झाला, तरी तो मर्यादित होता. म्हणून 'मर्यादित'च बरा.

फक्त कशाची मर्यादा, तेही लिहावं. गावच्या विकास सोसायटीच्या पाटीवर 'मर्या.' असतं, तिथे सभासदाची देणेदारी मर्यादित असते. युद्धात क्षेत्र, शस्त्रं, उद्दिष्ट किंवा मुदत यांपैकी काहीही असू शकतं. कारगिलमध्ये मुख्यतः क्षेत्र होतं. २६ मे १९९९ पासून हवाई दल उतरलं, पण रेषा ओलांडायची नाही या अटीवर. त्यामुळे विमानांना कुठल्या दिशेने लक्ष्यावर यायचं याची मोकळीकच आकसली. तोलोलिंग शिखराच्या उघड्या उतारावर चढणाऱ्या जवानाला मात्र ते युद्ध कुठूनही मर्यादित नव्हतं.

'मर्यादित षटकं' आठवून फसू नये. तिथे षटकं दोन्ही संघांना आधीच ठाऊक असतात. इथे मर्यादा एकजण घालतो आणि ती समोरच्याने ओळखायची असते. ओळखण्यात चूक झाली की भडका.

कारगिलमधल्या पाकिस्तानी घुसखोरीला आपल्याकडे नेमका शब्द आहे: बांध कोरणे. दरसाल नांगराचं एकच तास पलीकडे सरकवायचं, म्हणजे एवढ्यासाठी कोण भांडेल? हिवाळ्यात रिकाम्या केलेल्या चौक्यांत येऊन बसणं याच जातीचं.

'संयम' यम् धातूचा, लगाम आवरणं. घोडा जोरात असेल तरच लगामाला अर्थ. ताकद नसताना गप्प बसणं हा नाइलाज. रेषा न ओलांडणं हा संयम होता. शिखरं सोडून दिली असती तर ती माघार. 'धीर' आणि 'सबुरी' इथे चालणार नाहीत, त्यांत वाट पाहणं आहे. संयम राखून लढताही येतं.

संघर्ष मुद्दाम वाढवला असेल तर 'चिघळला' लिहू नये. जखम आपोआप चिघळते, पायरी कुणीतरी चढतो.

जाता जाता: 'मर्यादित'मधला दि ऱ्हस्व, 'युध्द' नव्हे 'युद्ध', आणि अणु + अस्त्र = अण्वस्त्र, 'अणवस्त्र' नाही.