भाड्याच्या फ्लॅटमध्ये गळती होते आहे, सोसायटी दाद देत नाही आणि घरमालक परगावी राहतो. अशा वेळी भाडेकरूने काय करावे?

आपण विचारले आहे की, पुण्यात भाड्याने घेतलेल्या आपल्या फ्लॅटमध्ये बाथरूमच्या छतातून काही महिन्यांपासून पाणी झिरपत आहे, सोसायटीचे सेक्रेटरी ‘आम्ही फक्त मालकाशी बोलतो’ असे सांगतात, बंगळूरला राहणारे घरमालक ‘मेंटेनन्स तुम्ही भरता, तेव्हा सोसायटीकडूनच करून घ्या’ असे म्हणतात, आणि दुरुस्ती मात्र होत नाही. मी बरीच वर्षे भाड्याच्या घरांत राहिलो आणि पुढे आमच्या सोसायटीच्या व्यवस्थापन समितीवरही काम केले. तक्रार देणे आणि तक्रार घेणे ही दोन्ही कामे केल्यामुळे या प्रश्नाचे उत्तर जरा विस्ताराने देतो.

प्रथम एक अप्रिय गोष्ट मान्य करावी लागेल. सेक्रेटरींचे बोलणे कितीही तुटक असले तरी कायद्याच्या दृष्टीने ते पूर्णपणे चुकीचे नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 खाली नोंदलेल्या गृहनिर्माण संस्थेचे नाते सभासदाशी असते, आणि सभासद हा फ्लॅटचा मालक असतो. आपण दरमहा मेंटेनन्सची रक्कम थेट संस्थेच्या खात्यात भरत असलात तरी बिल मालकाच्या नावाचे असते, सभेतील मत मालकाचे असते आणि उपविधींनुसार, म्हणजे संस्थेच्या अंतर्गत नियमांनुसार, लेखी तक्रार करण्याचा अधिकारही त्यालाच असतो. त्यामुळे सेक्रेटरींशी वाद घालण्यात शक्ती खर्च करण्याऐवजी मालकाला कागदावर बोलते करणे हे आपले पहिले काम आहे. मी समितीवर असताना भाडेकरूंच्या ज्या तक्रारी मार्गी लागल्या, त्यांतील बहुतेकींत मालकाच्या सहीचे पत्र किंवा त्याचा ई-मेल होता, आणि ज्या रखडल्या त्यांत केवळ तोंडी बोलणे होते.

मालकाकडून दोन गोष्टी मागून घ्याव्यात. पहिली म्हणजे त्याने स्वतःच्या नोंदणीकृत ई-मेलवरून संस्थेला पाठवलेली तक्रार. दुसरी म्हणजे एक साधे अधिकारपत्र, ज्यात ‘सदनिका क्रमांक अमुक मधील दुरुस्ती, पाहणी व पत्रव्यवहार यांसाठी माझ्या वतीने श्री. अमुक यांच्याशी संपर्क साधावा, त्यांना दिलेली माहिती मला दिली असे समजावे’ एवढे दोन ओळींचे लिहिलेले असावे. घरमालक लिहायला कंटाळत असेल तर मजकूर आपणच तयार करून पाठवावा. त्याला फक्त सही करून किंवा पुढे ढकलून द्यायचे राहिले म्हणजे काम लवकर होते. पत्र संस्थेच्या कार्यालयात द्यायचे असेल तर आवक नोंदवहीतील क्रमांक आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्यावी. मोठ्या संकुलांत तक्रार मायगेटसारख्या अ‍ॅपवर नोंदवावी लागते. तेथे ती नोंदवावीच, परंतु काम न होताच तक्रार ‘पूर्ण’ दाखवली गेली तर त्या पडद्याचा फोटो जोडून त्याच दिवशी ई-मेल पाठवावा, कारण अ‍ॅपवरील नोंदी मॅनेजरच्या हाती असतात आणि ई-मेल आपल्या हाती राहतो.

तक्रारीत ‘गळती आहे, कृपया लक्ष द्यावे’ एवढेच लिहिले तर कोणीही हलत नाही. पाणी नेमके कोठून येते याचा अंदाज आपण आधी बांधला, तर दुरुस्ती कोणाच्या खर्चाने व्हायची हा निम्मा वाद तेथेच संपतो. वरच्या घरात कोणी नसतानाही, रात्रीसुद्धा, थेंब एकाच गतीने पडत असतील तर बहुधा भिंतीत दडवलेली पाणीपुरवठ्याची नळी गळत असते. गच्चीवरील टाकीतून त्या घराला जाणारा व्हॉल्व काही तास बंद ठेवला आणि थेंब मंदावले, तर शंका पक्की होते. पाणी फक्त वरचे लोक आंघोळ करतात त्या वेळी आणि त्यानंतर थोडा वेळ येत असेल, तर नहाणी ट्रॅप (फरशीतील सांडपाण्याची जाळी व तिच्याखालचा भाग), कमोडचा सांधा किंवा फरशीखालचे वॉटरप्रूफिंग यांपैकी काहीतरी गेलेले असते. वरच्या बाथरूमचा ट्रॅप बंद करून, फरशीवर रंग मिसळलेले पाणी एक-दोन दिवस साठवून ठेवले आणि तो रंग आपल्या छतात उतरला, तर त्यावर फारसा वाद उरत नाही. ओल केवळ पावसाळ्यात येत असेल आणि बाहेरच्या भिंतीकडे किंवा डक्टकडे (नळ्यांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीकडे) जास्त असेल, तर बाहेरचे प्लास्टर, खिडकीचे छज्जे किंवा डक्टमधील सामायिक सांडपाण्याची नळी तपासायला हवी. ओल येण्याच्या वेळा दोन आठवडे लिहून ठेवाव्यात आणि फोटो काढावेत. ओल विजेच्या बोर्डापर्यंत किंवा गीझरच्या प्लगपर्यंत पोहोचली असेल तर मात्र कशाचीही वाट न पाहता त्या भागाचा एमसीबी (मीटरच्या बोर्डावरील सुरक्षा स्विच) खाली करावा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवावे. हा जिवाचा प्रश्न आहे, पत्रव्यवहाराचा नव्हे.

हा अंदाज इतका महत्त्वाचा असण्याचे कारण उपविधींत आहे. महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत संस्थेने स्वतःच्या खर्चाने करावयाच्या दुरुस्त्यांची यादीच दिलेली आहे. बाहेरच्या पाण्याच्या नळ्या, टाक्या, पंप, सांडपाण्याच्या सामायिक वाहिन्या, जिने, गच्ची, बाहेरच्या भिंती, लिफ्ट, फ्लॅटच्या मुख्य स्विचपर्यंतची वीजवाहिनी, पावसाच्या पाण्याची गळती, आणि गच्चीतून गळून सर्वांत वरच्या मजल्यावरील छताचे व त्यावरील प्लास्टरचे झालेले नुकसान या गोष्टी तिच्यात येतात. या यादीत नसलेली प्रत्येक दुरुस्ती, म्हणजे फ्लॅटच्या आतील शौचालय किंवा सिंकची गळतीसुद्धा, संबंधित सभासदाने स्वतःच्या खर्चाने करायची असते. म्हणून आपल्या छतातील पाणी वरच्या बाथरूमचे असेल तर खर्च संस्थेचा नाही, वरच्या मालकाचा आहे. तरीही ‘हा तुमचा आपसातला प्रश्न आहे’ असे म्हणून समितीला हात झटकता येत नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे. दुरुस्तीची गरज तपासण्यासाठी आधी सूचना देऊन सभासदाच्या फ्लॅटमध्ये पाहणी करण्याचा अधिकार उपविधी पदाधिकाऱ्यांना देतात, आणि वरचा मालक दार उघडत नसेल तेव्हा भाडेकरूच्या दहा विनंत्यांपेक्षा समितीच्या एका पाहणी-नोटिशीचा उपयोग जास्त होतो. आपल्या मालकाच्या तक्रारीत नेमकी हीच मागणी असावी: अमुक तारखेपर्यंत दोन्ही फ्लॅटची संयुक्त पाहणी करावी आणि प्लंबरचा लेखी अहवाल द्यावा.

आपली इमारत सहकारी संस्था आहे की नाही, हेही एकदा बिलाच्या माथ्यावर पाहून घ्या. पुण्यात पुष्कळ इमारती महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अधिनियम, 1970 खाली येतात. तेथे संस्थेऐवजी अपार्टमेंटधारकांची असोसिएशन असते आणि तिचे उपविधी वेगळे असतात. इमारत अगदी नवी असून कारभार अजून बिल्डरच्या हाती असेल तर घर खरेदी करणाऱ्यांच्या संरक्षणासाठीच्या रेरा कायद्यातील (2016) कलम 14 उपयोगी पडते. ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातील किंवा कारागिरीतील दोष निदर्शनास आणून दिल्यास बिल्डरने तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. मात्र त्या कायद्यातील ‘वाटपग्राही’ (बिल्डरकडून फ्लॅट घेणारा) या व्याख्येतून भाड्याने राहणाऱ्याला स्पष्टपणे वगळलेले आहे, त्यामुळे ती तक्रारही मालकाच्याच नावाने जायला हवी.

आता मालक काहीच करत नसेल तर काय, हा खरा कठीण भाग. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 14 नुसार, करारात विरुद्ध काही ठरलेले नसल्यास, जागा राहण्यायोग्य स्थितीत ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने दुर्लक्ष केले तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून तो खर्च भाड्यातून वळता करू शकतो, आणि ही रक्कम एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त असू शकत नाही. खर्चाची बिले जपून ठेवणे येथे अत्यावश्यक आहे. परंतु हे कलम वाचून लगेच भाडे कापू नका, असे मी आग्रहाने सांगेन. आज शहरांत होणारे बहुतेक करार अकरा महिन्यांचे ‘लीव्ह अँड लायसन्स’ असतात आणि त्यांत राहणारी व्यक्ती कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसून परवानाधारक असते. कलम 14 मधील संरक्षण तिला जसेच्या तसे मिळेल असे गृहीत धरणे धोक्याचे आहे, आणि भाडे थकल्याचे निमित्त करून मालक करारच संपवू शकतो. म्हणून आपल्यासारख्या परिस्थितीत करारातील दुरुस्तीचे कलम आधी वाचावे, मग मालकाला दोन प्लंबरांची लेखी अंदाजपत्रके पाठवावीत आणि ‘यांपैकी एक काम आपल्या संमतीने करून रक्कम पुढील भाड्यातून वजा करतो’ असे विचारावे. संमतीचा होकार व्हॉट्सअ‍ॅपवर आला तरी चालेल, पण तो लेखी असावा. परगावच्या मालकांना पैशापेक्षा धावपळीचा जास्त त्रास वाटतो, असा माझा अनुभव आहे. काम आपण अंगावर घेतले आणि हिशेब स्वच्छ दाखवला, तर बरेच जण होकार देतात.

मेंटेनन्सविषयी मालक जे म्हणतात, त्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत आहे. मासिक बिलातून सफाई, सुरक्षारक्षक, जिन्यातील दिवे, लिफ्टची देखभाल अशा सामायिक सेवांचा खर्च भागतो. आपल्या फ्लॅटच्या आतल्या नळाचा किंवा वरच्या फ्लॅटच्या फरशीचा नाही. त्याच बिलात सिंकिंग फंड (इमारतीच्या पुढील मोठ्या कामांसाठी साठवायची रक्कम) आणि दुरुस्ती निधीही असतो, आणि तो इमारतीचे आयुष्य वाढवण्यासाठी मालमत्तेच्या मालकाने भरायचा असतो. भाडेकरूने एकूण मेंटेनन्स भरायचे असे करारात ठरले असेल तर तो वेगळा विषय झाला, पण नव्या करारात हे निधी मालकाकडे ठेवावेत असे मी सुचवीन. फ्लॅट भाड्याने दिल्याबद्दल लावले जाणारे बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक घेता येत नाही. राज्य शासनाने 1 ऑगस्ट 2001 च्या आदेशाने ही मर्यादा सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठी घातली आहे. तसेच आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅट भाड्याने देण्यासाठी संस्थेची पूर्वपरवानगी लागत नाही, सभासदाने लेखी कळवून कराराची प्रत द्यायची असते.

मालकाने मेंटेनन्स थकवले म्हणून आपले पाणी किंवा लिफ्ट बंद करण्याची धमकी कोणी दिली, तर घाबरून जाऊ नये. थकबाकीसाठी उपनिबंधकाकडून (सहकार खात्याच्या अधिकाऱ्याकडून) वसुली दाखला मिळवण्याचा मार्ग सहकार कायद्यात संस्थेला दिलेला आहे. राहत्या कुटुंबाचे पाणी तोडणे हा तो मार्ग नाही, आणि असा निर्णय घेणाऱ्या समितीचे मी कधीही समर्थन करणार नाही. भाडे नियंत्रण कायद्याचे कलम 29 तर पाणी, वीज, जिन्यातील दिवे, लिफ्ट आणि सफाई यांना अत्यावश्यक सेवा मानते आणि सबळ कारणाशिवाय त्या तोडण्यास घरमालकाला मनाई करते. अशी वेळ आलीच तर धमकी लेखी मागावी आणि मालकाला व वकिलाला त्याच दिवशी कळवावे.

आपला करार नूतनीकरणाला येईल तेव्हा दुरुस्तीची वाटणी त्यात नावानिशी लिहून घ्या. केंद्राचा 2021 चा आदर्श भाडेकरार कायदा महाराष्ट्रात लागू नसला तरी त्याची दुसरी अनुसूची नमुना म्हणून वापरण्यासारखी आहे. तिच्यात संरचनात्मक दुरुस्ती, रंगकाम, नळ्या बदलणे आणि वायरिंग ही कामे मालकाकडे दिली आहेत, तर तुंबलेली मोरी साफ करणे, स्विच व सॉकेट, स्वयंपाकघरातील आणि बाथरूममधील किरकोळ दुरुस्त्या, फुटलेल्या काचा ही कामे भाडेकरूकडे. अमुक रकमेपर्यंतचा खर्च भाडेकरूने परस्पर करून भाड्यातून वळता करावा, अशी एक ओळही जोडता येते, आणि परगावच्या मालकाच्या बाबतीत ती फार कामाची ठरते. करार नोंदणीकृत असायलाच हवा. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 नुसार नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, आणि नोंदणी नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.

राहता राहिला डिपॉझिटचा प्रश्न. ओलीमुळे छताचे पोपडे निघाले असतील आणि उद्या घर सोडताना रंगकामाचे पैसे अनामत रकमेतून कापले जाण्याची आपल्याला भीती असेल, तर आजच तारखेसह फोटो मालकाला ई-मेलने पाठवून ‘हे नुकसान वरून होणाऱ्या गळतीचे आहे, माझ्या वापरामुळे झालेले नाही’ असे त्यात नोंदवा, आणि संयुक्त पाहणी झाली की प्लंबरच्या अहवालाची प्रत त्याच ई-मेलला जोडून पुन्हा पाठवा.