मुलाला ऐकू कमी येतं म्हणून स्काऊट मेळाव्याला नेत नाहीत. असा नियम आहे का?

ताई, असा नियम नाही. पण एवढ्यानं तुमचं काम होणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही लिहिलंय की मुलगा सातवीत आहे, दोन्ही कानांना मशीन लावतो आणि शाळेच्या स्काऊट पथकात दोन वर्षं आहे. आता तीन दिवसांच्या जिल्हा मेळाव्याला सर त्याला नेत नाहीत. म्हणतात, "शिट्टी ऐकू आली नाही आणि पोरगं कुठं भरकटलं तर जबाबदारी कोणाची? त्याच्या भल्यासाठीच सांगतोय." मी एकवीस वर्षं शाळेत स्काऊट मास्तर होतो, आता निवृत्त आहे. त्यामुळे सरांची धास्ती मला कळते. ती कुठं कच्ची आहे, तेही कळतं.

शिट्टीपासूनच सुरू करू, कारण सरांचं सगळं म्हणणं तिच्यावर उभं आहे. स्काऊटिंगमध्ये शिट्टीचे इशारे असतात तसे हाताचेही असतात, आणि ते कोणाची सोय म्हणून मागाहून घातलेले नाहीत, पहिल्यापासून शिकवतात. एक लांब शिट्टी म्हणजे शांत व्हा, लक्ष द्या. छोट्या छोट्या शिट्ट्या लागोपाठ वाजल्या की गोळा व्हा. तीन छोट्या आणि एक लांब, की फक्त संघनायकांनी, म्हणजे पथकातल्या छोट्या गटांच्या म्होरक्यांनी यायचं. पण गोळा झाल्यावर उभं कसं राहायचं ते हात सांगतात. मास्तरनं दोन्ही हात खाली अर्धवर्तुळात फिरवले की पोरं घोड्याच्या नालेसारखी उभी राहतात. माझ्याही पथकात कमी ऐकू येणारा एक मुलगा होता. बाकीची पोरं पळायला लागली की हाही पळायचा. रचनेत मात्र तो कधी चुकला नाही. बाकीचे शेजाऱ्याकडे बघून उभे राहायचे, हा माझ्या हाताकडे बघून. रात्री मशीन काढून झोपायचा, म्हणून त्याच्या संघनायकाला सांगून ठेवलं होतं, की हाक मारू नको, खांद्याला हात लावून उठव. झाली विशेष व्यवस्था!

भारत स्काऊट्स आणि गाईड्स या देशपातळीवरच्या संघटनेच्या स्वतःच्या व्याख्येतच ही चळवळ मूळ, वंश, पंथ असा भेद न करता सर्वांना खुली म्हटलेली आहे. स्काऊटच्या नऊ नियमांतला तिसरा सांगतो की स्काऊट सर्वांचा मित्र आणि दुसऱ्या प्रत्येक स्काऊटचा बंधू असतो. हे सरांना ऐकवू नका, त्यांना ते पाठ असतं. त्यापेक्षा 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा हाताशी ठेवा. त्याच्या कलम 16 प्रमाणे सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांनी दिव्यांग मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यायचा असतो, आणि खेळ-करमणुकीच्या उपक्रमांतही इतरांच्या बरोबरीनं संधी द्यायची असते. वाजवी सोय करून न देणं हासुद्धा या कायद्याच्या व्याख्येत भेदभावच आहे. हाताचा इशारा ही वाजवी सोय नसेल तर मग काय असेल?

आता त्या "भल्यासाठी" शब्दाबद्दल. इथं मला माझीच एक गोष्ट सांगावी लागेल.

एका शिबिरात मी संघ पाडले ते वस्तीप्रमाणे. मनात काही नव्हतं. शेजारची पोरं एकत्र राहिली की रडारड कमी होते, सामान एकत्र बांधून आणता येतं. पोरांच्या भल्याचंच होतं सगळं. दुसऱ्या दिवशी बिनभांड्यांचा स्वयंपाक होता. पोरांनी पळसाच्या पानांत पानगे भाजले, निखाऱ्यांत वांगी-बटाटे पुरले. परीक्षक गावातलीच तीन वजनदार माणसं, आणि गुणांचा कागद घेऊन मी त्यांच्या मागं. पहिल्या तीन संघांपाशी त्यांनी पानगा मोडला, वांग्याचा तुकडा तोंडात टाकला, मीठ कमी आहे म्हणाले, हसले. चौथ्या संघापाशी वाकून बघितलं, "वा, रंग छान आलाय" म्हणाले आणि पुढं सरकले. गुण मात्र चांगले दिले, चवीच्या रकान्यात दहापैकी आठ. संध्याकाळी फळ्यावर निकाल लावल्यावर त्या संघाचा नायक माझ्यापाशी आला आणि हळूच विचारलं, "सर, चवीचे गुण कशावरून दिले?"

तो संघ कुठल्या वस्तीतला होता हे तुम्हाला सांगायला नको. मी काय उत्तर दिलं तेही सांगण्यासारखं नाही. रात्री त्यांच्या तंबूत जाऊन उरलेला पानगा मागून खाल्ला. त्यांनी दिला. पण त्यानं काही फिटलं नाही, कारण तशी मांडणी मीच करून दिली होती.

पुढच्या वर्षापासून मी संघ चिठ्ठ्या टाकून पाडायला लागलो. पाणी, लाकूड, चूल, वाढप अशी कामं रोज फिरती ठेवली. परीक्षक चाखणार नसेल तर चवीचा रकाना कोरा राहील, हे आधीच सांगून टाकायचो. पहिल्या वर्षी दोन पालक भांडायला आले होते. एकानं मुलाचं नाव काढून घेतलं. काढू दिलं.

चिठ्ठ्यांत माझं डोकं काही नव्हतं. 1907 साली इंग्लंडमधल्या ब्राउन्सी बेटावरच्या पहिल्या शिबिरात स्काऊटिंगचा संस्थापक बेडन-पॉवेल यानं बड्या शाळांतली आणि कामगारांच्या घरची वीसएक मुलं आणली आणि चार संघांत मिसळून टाकली. गंमत बघा, दोनच वर्षांनी, 1909 साली, बंगळूरला आपल्याकडचं पहिलं पथक निघालं ते मात्र फक्त युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. मग मद्रासमध्ये अ‍ॅनी बेझंट आणि अरुंडेल यांनी, अलाहाबादेत मालवीय, कुंझरू यांनी भारतीय मुलांसाठी वेगळ्या संघटना काढल्या. नागपूरच्या विवियन बोस यांचंही नाव त्यांच्यातच घेतात. या सगळ्या धाग्यांची मिळून भारत स्काऊट्स आणि गाईड्स झाली ती 1950 साली. म्हणजे दारातून परत पाठवलेल्यांनीच उभं केलेलं घर आहे हे.

तुमच्या प्रश्नाशी याचा संबंध इतकाच, की त्या शिबिरात कोणी कोणाला तोंडानं "नको" म्हणालं नव्हतं. तुमच्या मुलालाही पथकातून कोणी काढलेलं नाही. हजेरीपटावर नाव आहे, गळ्यात स्कार्फ आहे. फक्त मेळावा नाही, मग पुढचं शिबिर नाही, मग सोपानाची, म्हणजे स्काऊटच्या पुढच्या पायरीची परीक्षा मागं पडली, आणि त्यावरच्या राज्य पुरस्काराच्या वेळी "याची शिबिरंच झालेली नाहीत" असं म्हणायला सगळे मोकळे. गणवेश परवडत नाही म्हणून गळणाऱ्या पोरांचं आणि बाई शिक्षक नाहीत म्हणून बंद पडणाऱ्या मुलींच्या गाईड पथकांचंही असंच होतं. (जुन्या गणवेशांची एक ट्रंक शाळेत ठेवली तर पहिला प्रश्न मिटतो. आम्ही ठेवली होती.)

आता करायचं काय? आधी सरांना भेटा, पण ऑफिसात नाही, मैदानावर, मुलाला घेऊन. त्यांना म्हणा, शिट्टी न वाजवता पथक गोळा करून बघा. बहुतेक वेळा इथंच काम होतं, कारण खरी अडचण कानाची नसते, आजवर करून पाहिलेलं नसतं एवढीच असते. नाही जमलं तर मुख्याध्यापकांना अर्ज द्या, का नेत नाही ते लेखी मागा आणि अर्जाची पोच घ्या. लेखी द्यायची वेळ आली की निम्मी कारणं गळून पडतात. तालुक्याच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, त्यांना सोबत घ्या. त्यावर जिल्हा स्काऊट संघटक आहेत. पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्त आहेत, पण तिथवर जायची वेळ येईल असं वाटत नाही.

तुम्ही विचारलंय, मी तीन दिवस सोबत जाऊन राहू का? नका राहू. आई तंबूबाहेर बसलेली असली की पोरगा पाहुणा होतो. त्याच्या वाटणीची लाकडं दुसराच कोणी आणतो.

सामानात सेलचं जादा पाकीट द्या आणि मशीन ठेवायला घट्ट झाकणाची डबी. नदीवर किंवा आंघोळीला जाताना मशीन त्या डबीत आणि डबी संघनायकाकडे, हे दोघांनाही घरीच पढवून पाठवा. डबीवर नाव लिहायला विसरू नका. शिबिरात सगळ्यात जास्त हरवतात ते मोजे, आणि त्यांच्या खालोखाल डब्या.