उबुंटूवर डीबग माहितीसह (चुका शोधायला लागणारी) स्वतःचा लिनक्स कर्नल, म्हणजे सिस्टमचा गाभा, बांधून त्याचं डेब पॅकेज (इन्स्टॉल करायची फाइल) कसं करायचं? बिल्ड सर्टिफिकेटवर अडकतंय.

आधी अडलेलं सोडवू. बूट फोल्डरमधली चालू कॉन्फिग फाइल (कर्नलच्या सेटिंग्जची) तुम्ही उचललीत ना? तिच्यात 'सिस्टम ट्रस्टेड कीज' समोर उबुंटूच्या स्वतःच्या सोर्समधल्या फाइलचा पत्ता असतो. ती फाइल तुमच्याकडे नाही, म्हणून मेक (बांधणी करणारी कमांड) रुसतं. तो पत्ता आणि 'रिव्होकेशन कीज'चा पत्ता, दोन्ही रिकामे करा. अवतरणचिन्हं मात्र राहू द्या.

मग 'मेक मेनूकॉन्फिग'मध्ये कर्नल हॅकिंगखाली डीबग माहिती चालू करा. कर्नल 5.18 पासून तिथे ड्वार्फची (डीबग माहितीच्या फॉरमॅटची) आवृत्ती निवडावी लागते. टूलचेनची (कंपायलर वगैरे साधनांची) डीफॉल्ट घेतली तरी चालतं. जीडीबी (चुका शोधायचा डीबगर) स्क्रिप्ट्सही घ्या. शेवटी 'मेक बिनडेब-पीकेजी'. इमेज, हेडर्स आणि भलंमोठं डीबीजी अशी पॅकेजं एक फोल्डर वर पडतात. सिम्बॉल्ससकटचं (फंक्शन, व्हेरिएबल यांची नावं) व्हीएमलिनक्स, म्हणजे कर्नलची मूळ फाइल, त्या डीबीजीतच असतं. कर्नलच्या नावाला लोकलव्हर्जन (तुमची स्वतःची खूण) जोडायला विसरू नका, नाहीतर कुठला कर्नल चालू आहे तेच कळत नाही.

डिस्कवर 30 जीबी तरी मोकळी ठेवा. मी पहिल्यांदा ठेवली नव्हती. जुळे सोलापुरात, एप्रिलच्या दुपारी, पंखा लॅपटॉपकडे वळवून तीन तास बसलो आणि ऐन लिंकिंगला (तुकडे जोडायच्या टप्प्याला) डिस्क भरली! तेव्हापासून बिल्ड रात्रीच लावतो. मध्येच लाइट गेली तरी घाबरू नका, तीच कमांड परत द्या, झालेलं काम बहुतेक वाचतं.

जीडीबी जोडताना बूट ओळीत 'नोकेएएसएलआर' (दर बूटला कर्नलचा मेमरीतला पत्ता बदलणं बंद करणारा पर्याय) टाका, नाहीतर ब्रेकपॉइंट (थांबायच्या खुणा) भलत्याच पत्त्यावर बसतात.