शिफ्टिंग, गाडीतले पाच दिवस आणि न बोलणारी मुलगी

मी समुपदेशन करते, आणि मार्च संपत आला की माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो, फोनवर येतो, ओळखीतून येतो, लग्नात भेटलेलं कोणीतरी बाजूला घेऊन विचारतं. "बदली झालीय, लांब जायचंय, मुलांना आत्ता हलवलं तर त्यांच्या मनावर काही कायमचा परिणाम होईल का?" आणि त्याच्या मागोमाग दुसरा, "मोठी मुलगी (किंवा मुलगा) बोलतच नाहीये, काय करू?" यावर एका वाक्यात उत्तर देता येत नाही म्हणून एका कुटुंबाची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतलीय, नावं देत नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

कुटुंब निगडीचं. नवरा चाकणला ऑटो कंपनीत, बायको पतसंस्थेत बरीच वर्षं नोकरीला, मुलगी आठवीत, मुलगा दुसरीत आणि सत्तरी ओलांडलेल्या आजी. नवऱ्याला मोहालीला ट्रॅक्टरच्या कारखान्यात चांगली पोस्ट मिळाली, पगार वाढला, राहायला जागा कंपनीची. सामान ट्रकने आणि आपण सगळे गाडीने असं ठरलं, साधारण १७०० किलोमीटर, आणि बाबांनी प्लॅन काय केला तर दोन दिवसांत पोचायचं, पहाटे निघून रात्रीपर्यंत इंदूर ओलांडायचं आणि दुसऱ्या दिवशी मुलांना सरप्राइज म्हणून ताजमहाल दाखवून तसंच पुढे.

मुलीने तोपर्यंत बोलणं बंद केलं होतं. भांडण नाही, रडणं नाही, फक्त "ठीके". जेवायला ये म्हटलं ठीके, तुझी पुस्तकं भर म्हटलं ठीके. शाळेच्या खो-खो टीमने सेंड-ऑफ ठेवला होता तिथे ती गेलीच नाही, त्यावरून आई घाबरली आणि तिला माझ्याकडे घेऊन आली. आईचं म्हणणं, मोबाईलमुळे झालंय. बाबांचं म्हणणं, लाड जास्त झालेत.

मुलगी माझ्यासमोर बराच वेळ नुसती बसून होती. मी पण काही विचारलं नाही, खो-खोत चेझर आहेस की डिफेन्स चांगला एवढंच बोलले. मग ती एकदम म्हणाली, "सगळे म्हणतात तिथे पण मैत्रिणी मिळतील. म्हणजे ह्या काय फेकून द्यायच्या का?"

मला वाटतं शिफ्टिंगबद्दल मुलांना जे काही सांगायचं असतं ते सगळं या वाक्यात आलं. आपण मोठी माणसं घाईघाईने नव्या घराची जाहिरात करायला लागतो, मोठी बाल्कनी, स्वतःची खोली, थंडी, शिमला जवळ, मज्जा येणार बघ. आपला हेतू चांगलाच असतो, पोराला वाईट वाटू नये. पण त्याला वाईट वाटतच असतं, आणि घरात सगळे खूश असताना आपल्यालाच वाईट वाटतंय म्हणजे आपलंच काहीतरी चुकतंय असं त्या मुलाला वाटतं, आणि ते गप्प होतं. ही मुलगी हट्टी नव्हती, बिघडलेली तर अजिबातच नव्हती, तिला निरोप घ्यायचा होता आणि घरात निरोपाला जागाच नव्हती, सगळी जागा उत्साहाने भरली होती.

१९६७ साली होम्स आणि राहे या दोन अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी ताणाची एक यादी केली होती, त्यात आयुष्यातल्या ४३ घटनांना मार्क दिलेत. जोडीदाराचा मृत्यू १००, लग्न ५०, तसे. त्यात घर बदलणं २० आणि शाळा बदलणं पण २०, आकडे बघितले तर वाटतं एवढंच ना. पण बदली झाली की हे एकेकटे येत नाहीत. राहणीमान बदलणं २५, जोडीदाराची नोकरी सुटणं किंवा लागणं २६, मित्रमंडळीत उठणं-बसणं बदलणं १८, सगळं एकाच महिन्यात एकाच घरात येतं, बेरीज करा, शंभरच्या पुढे जाते. ती यादी मोठ्यांसाठी होती आणि ढोबळ आहे, पण बाबांना मी ती मुद्दाम दाखवली कारण ते आकड्यातले माणूस होते, त्यांना आकडा पटतो. ते बघत बसले आणि म्हणाले, "यात चांगलं-वाईट वेगळं नाही केलेलं?" नाही केलेलं. बदल चांगला असला तरी शरीर-मनाला तो पेलावा लागतोच.

मग त्यांनी स्वतःहून एक गोष्ट काढली. त्यांचे वडील रेल्वेत, लहानपण भुसावळला, पाचवीत असताना बदली झाली आणि एका रात्रीत सामान बांधून निघाले. मित्राला सांगायचं राहिलं, सायकल पण तिथेच राहिली. "मला कोणी विचारलं नव्हतं मॅडम, मी झालोच की मोठा," असं आधी हसत म्हणाले आणि मग बराच वेळ काही बोलले नाहीत. दोन दिवसांत पोचायची घाई कुठून आली होती ते मला तेव्हा समजलं. पटकन उरकलं की दुखणार नाही, असं त्या पाचवीतल्या मुलाने स्वतःला शिकवलं होतं आणि तेच आता पोरांसाठी प्रेमाने चाललं होतं.

पुढच्या भेटींत आम्ही जे ठरवलं त्यात औषधासारखं काही नव्हतं. एक तर मोहालीची जाहिरात बंद. मुलीने विचारलं तर खरं सांगायचं, "माहीत नाही" हे पण चालेल. दुसरं, मोहालीला जायचं की नाही हा निर्णय तिचा नव्हता आणि तसं नाटकही करायचं नाही, पण ट्रकमध्ये काय जाणार, गाडीत काय येणार, कुठे थांबायचं, शेवटचं कोणाला भेटायचं, हे तिला खरंच ठरवू द्यायचं. तिने दारावरची नावाची पाटी स्वतः स्क्रू काढून उतरवली आणि ट्रकवाल्याला दिली नाही. सेंड-ऑफला गेली नव्हती, पण मग टीममधल्या तिघींनाच घरी बोलावलं, आईने पावभाजी केली, रात्री उशिरापर्यंत रडारड झाली आणि आई घाबरून मला मेसेज करते, आता काय करू? काही नाही, रडू द्या, पाणी द्या.

आणि तिसरं म्हणजे प्रवास सावकाश. विमानाने गेलं की तीन तासांत घर बदलतं, मनाला कळतच नाही आपण कुठून निघालो. गाडीने हळूहळू भाषा बदलते, चहा बदलतो, शेतातली पिकं बदलतात, लांब आलो हे आतपर्यंत पोचायला वेळ मिळतो. पण रोज सातशे-आठशे किलोमीटर हाणले तर त्याचा काही उपयोग नाही, मग फक्त पाठदुखी आणि भांडणं. पाच दिवस करा म्हटलं. शेवटचा टप्पा सगळ्यात छोटा ठेवा, नव्या घरात दिवसाउजेडी पोचा, रात्री अनोळखी अंधाऱ्या घरात लहान मूल घेऊन शिरू नका. आणि पहिल्या रात्रीचं सामान, अंथरुणं, कुकर, मुलाची उशी, देव, हे गाडीतच हवं, ट्रकचा भरवसा नसतो.

पुढचं त्यांनी मला नंतर ऑनलाइन सेशनमध्ये सांगितलं, प्रत्येकाने आपापलं, त्यामुळे थोडं मागे-पुढे आहे.

पहिला मुक्काम शिरपूर. धुळ्याच्या अलीकडे बाबांनी मुलांना भुसावळची गोष्ट सांगितली, भुसावळ तिथून बरंच आडबाजूला, पण खानदेशात आल्यावर त्यांच्याने राहवेना. मुलीने फक्त विचारलं, मित्राचं नाव काय होतं. दुसऱ्या दिवशी सेंधव्याच्या बिजासन घाटात धाकट्याला उलट्या. (दोन ते बारा वयातल्या मुलांना गाडी जास्त लागते, मोबाईल बघू देऊ नका, समोर लांबवर बघायला लावा, पोट अगदी रिकामं पण नको आणि गच्च पण नको.) खलघाटच्या पुलावर नर्मदा आली तसं आजींनी हात जोडले, त्यांना महेश्वर बघायचं होतं म्हणून धामनोदहून आत वळले. अहिल्याबाईंच्या घाटावर आजी पाण्यात पाय सोडून बसल्या आणि नातीला म्हणाल्या, "मला पण नाही गं जायचं." घरात हे वाक्य पहिल्यांदा कोणीतरी उच्चारलं. मुलगी आजीच्या शेजारी बसून राहिली, नंतर इंदूरपर्यंत आजीच्या खांद्यावर झोपून गेली.

तिसरा दिवस लांबचा, इंदूर ते ग्वाल्हेर. गुना सोडल्यावर आईची पाठ दुखायला लागली म्हणून मुलगी पुढच्या सीटवर बसली. हे मी खूप पालकांकडून ऐकलंय, वयात येणारी मुलं समोरासमोर बसवून विचारलं तर तोंड उघडत नाहीत, पण गाडीत शेजारी बसलं, दोघांची नजर रस्त्यावर असली की बोलतात, डोळ्यांत बघावं लागत नाही ना. शिवपुरीच्या आसपास तिने विचारलं, "बाबा, तुम्हाला भीती वाटतेय का?" आणि बाबा म्हणाले, "हो. तिथली माणसं मला स्वीकारतील का, कामात जमेल का, आणि तू माझ्याशी परत बोलशील का." मग ती बोलली, ग्वाल्हेर येईपर्यंत बोलत होती, त्यात बरंचसं रागाचं होतं. मला आधी विचारलं का नाही, तुम्ही दोघांनी ठरवून टाकलं, माझी टीम यावर्षी जिल्ह्याला जाणार होती. बाबांनी काही समजावलं नाही, ऐकलं. त्यांच्यासाठी ते फार अवघड होतं आणि त्यांनी ते केलं याचं मला मनापासून कौतुक आहे.

चौथ्या दिवशी चंबळ, आग्रा, दिल्लीला बाहेरून वळसा आणि मुक्काम पानिपत. आजी आधी ऐकेचनात, आपल्या माणसांनी तिथे काय मुक्काम करायचा. मग सकाळी सगळे काला अंबच्या स्मारकाला गेले, १४ जानेवारी १७६१ ची तारीख आजींना तोंडपाठ. त्या म्हणाल्या, घरापासून इतक्या लांब आले बिचारे, सोबत बायका-मुलं, यात्रेकरू. धाकट्याने विचारलं, ते गाडीने आले का. तिथून मोहाली तीन-साडेतीन तास, दुपारी जेवायच्या वेळेला घरात. पाटी त्याच दिवशी लागली, स्क्रू ड्रायव्हर शेजारच्या काकांकडून आणला, ओळख अशीच झाली.

आता कोणाला वाटेल झालं सगळं छान. नाही. पहिले दोन-तीन महिने जड गेले, आणि सगळ्यात जड कोणाला गेले तर आईला. या सगळ्या गडबडीत तिला कोणी विचारलंच नव्हतं. नोकरी सोडलेली, स्वतःचा पगार गेला, माहेर लांब, भाजीवाल्याशी बोलताना पण हिंदी अडखळते, दिवसभर घरात सासूबाई आणि ती. ऑगस्टमध्ये एका सेशनला ती मुलीबद्दल सांगता सांगता थांबली आणि म्हणाली, "मॅडम, मला रोज दुपारी चार वाजता रडू येतं." चार वाजता पतसंस्थेत चहा यायचा. मग पुढचे काही आठवडे आम्ही तिच्यावरच काम केलं. बदलीच्या प्रश्नात सगळे मुलांचं विचारतात, पण ज्या बाईने नोकरी, माणसं, सवयीचा बाजार सगळं सोडलेलं असतं ती स्वतःला यादीत धरतच नाही, आणि मुलं मात्र तिचं दुःख बरोबर ओळखतात आणि ते पण अंगावर घेतात. आई स्वतःसाठी रडायला लागली तशी मुलगी थोडी सैल झाली, हे मी समोर बघितलंय. आई आता घरून अकाउंट्सचं थोडं काम करते, पहिल्यासारखं नाही म्हणते, पण करते.

मुलगी रात्री उशिरापर्यंत निगडीच्या मैत्रिणींशी फोनवर असायची, आईबाबा म्हणाले फोन बंद करू का म्हणजे इथे मिसळेल. कृपा करून असं करू नका. जुनी नाती तोडून नवी लवकर होत नाहीत. आम्ही झोपेची वेळ ठरवली, बोलण्यावर बंदी नाही. धाकट्याला गुरमुखी अक्षरं पटापट आली, तो गल्लीत पंजाबी बोलायला लागला, तिला त्याचा रागच आला. दोन भावंडांचा वेग सारखा नसतो, तुलना करू नका एवढंच सांगितलं. मग गाडीचा नंबर. दुसऱ्या राज्यात वर्षाहून जास्त राहायचं तर नवं रजिस्ट्रेशन करावं लागतं, जुन्या आरटीओची एनओसी वगैरे, म्हणजे एमएच १४ जाऊन पीबी ६५ येणार. त्या दिवशी ती पुन्हा खूप रडली. बाबांनी जुनी प्लेट तिला ठेवायला दिली.

आज ती दहावीत आहे. नव्या शाळेत खो-खो नाही, ती चारशे मीटर पळते, एक जवळची मैत्रीण आहे. अजूनही निगडीला "घरी" म्हणते. मी त्यात काही दुरुस्त करायला गेले नाही.

काळजी कधी करायची तेही विचारतात. कुरकुर, रडू, चिडचिड, जुन्या गावाच्या आठवणी हे पहिले काही महिने होणारच, आणि बऱ्याचदा सहाएक महिन्यांत निवळतं. पण दोन आठवड्यांहून जास्त झोप-भूक गेलेली असेल, मूल शाळेलाच जात नसेल, आवडतं काहीच करावंसं वाटत नसेल तर थांबू नका, जवळच्या तज्ज्ञाकडे न्या. जगण्यात अर्थ नाही, मरावंसं वाटतं असं काही बोललं तर दोन आठवडे पण बघायचे नाहीत, त्याच दिवशी. टेली-मानसची सरकारी हेल्पलाइन १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं, नवीन गावात ओळख नसताना हा नंबर फार उपयोगी पडतो.

गाडीने जावं की विमानाने, तर आजारी माणूस असेल, तान्हं बाळ असेल, एकटाच ड्रायव्हर असेल आणि सुट्टी कमी असेल तर सरळ विमान किंवा ट्रेन घ्या. निरोप निघण्याआधी पण नीट घेता येतो, त्यासाठी हायवेच लागतो असं नाही. फक्त मुलांना सांगायला उशीर करू नका. ठरलं की त्याच आठवड्यात सांगा, परीक्षा होऊ दे मग बघू म्हणून दोन महिने लपवाल तर त्यांना ते भिंतीआडून कळतंच आणि मग बदलीपेक्षा लपवल्याचा राग जास्त दिवस राहतो.