पॅडली गॉर्ज: गुडघे दुखत असतील तर वरून सुरुवात करा

मँचेस्टरहून सकाळी निघून संध्याकाळी परतता येईल, जुनं ओकचं रान असेल आणि पाण्याच्या कडेने चालता येईल, अशी जागा तुम्ही विचारलीत. पुण्याहून आलेले आईबाबा सोबत आहेत, आणि आईंचे गुडघे दुखतात. पीक डिस्ट्रिक्टमधल्या पॅडली गॉर्जला न्या. शेफील्डला आल्यापासून मी तिथे सगळ्या ऋतूंत गेलोय. फक्त सुरुवात कुठून करायची ते जपून ठरवा.

बहुतेक जण ग्रिंडलफर्ड स्टेशनला उतरून तिथूनच चढायला लागतात. ती वाट म्हणजे नुसती मुळं आणि दगड. चढताना निभावतं, पण उतरताना जीव मुठीत धरावा लागतो. माझ्या आईला मी पहिल्यांदा तसंच नेलं. पाऊस पडून गेला होता, परतताना ती दोन ठिकाणी बसून उतरली. मला फार वाईट वाटलं. पुढच्या खेपेला गाडी वर लाँगशॉला लावली. ती नॅशनल ट्रस्ट या वारसा आणि निसर्ग जपणाऱ्या संस्थेची जागा आहे, त्यामुळे पार्किंग, कॅफे, स्वच्छतागृह सगळं मिळतं. तिथून हळूहळू बर्बेज ब्रुकपाशी उतरायचं. हा ओढा वर मोकळ्या गवतातून वाहतो आणि थोडं खाली गेलं की रानात शिरतो. आईंना हात धरून रानात दहा मिनिटं न्या, तेवढं पुरे.

इंग्लंडमध्ये निदान १६०० सालापासून सलग टिकलेल्या रानाला प्राचीन म्हणतात. इथले ओक मात्र उंच, भारदस्त नाहीत. खडकाळ जमिनीमुळे ते बुटके आणि पिळवटलेले राहिलेत, खोडं शेवाळाने मऊ झालीत. एखादी फांदी जवळून बघा: या सेसाइल ओकची फळं देठाला लोंबत नाहीत, काडीलाच चिकटून बसतात. पाणी बिनदुधाच्या चहासारखं तपकिरी दिसेल. ती घाण नव्हे, वरच्या माळावरच्या पीटचा, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या काळ्या मातीचा रंग आहे. आसपास जात्याच्या तळीसारखे, पण माणसाच्या छातीपर्यंत येतील एवढे गोल दगड पडलेत. गिरण्यांसाठी घडवलेले, कुणी न्यायलाच आलं नाही. आईंना ते नक्की आवडतील.

मे महिन्यात गेलात तर उत्तम. कोवळी पालवी असते, आफ्रिकेतून आलेला पाइड फ्लायकॅचर हा छोटा पक्षी दिसू शकतो. काड्याकचऱ्याचा ढीग दिसला तर त्यावर बसू नका, ते मुंग्यांचं वारूळ असतं. आडव्या खोडांत लोकांनी नाणी ठोकलीत. नवस वाटेल, पण कृपा करून आपण त्यात भर घालू नये.

बाबांचे पाय धड असतील तर घरातल्या एकाने त्यांच्याबरोबर ओढ्याकाठाने ग्रिंडलफर्डपर्यंत उतरावं. तुम्ही आईंना गाडीने खाली स्टेशनवर आणा. तिथल्या कॅफेत चहा घेत बाबांची वाट बघता येते.