अपभूची 'किक': रेटा की धक्का?

प्रश्न असा: उपग्रहाला शेवटच्या कक्षेत नेणाऱ्या घन इंधनाच्या टप्प्याला 'अ‍ॅपोजी किक मोटर' म्हणतात. अ‍ॅपोजी म्हणजे अपभू, कक्षेतला पृथ्वीपासून सर्वांत दूरचा बिंदू, हे ठीक; पण मराठीत 'किक'ला 'रेटा' म्हणावं की 'धक्का'?

माझं मत धक्क्याला. रेटा सतत चालू असतो: गर्दीचा रेटा, कामाचा रेटा. महिनोन्‌महिने हळूहळू कक्षा वाढवत नेणाऱ्या आयन इंजिनाला तो शोभेल. ही मोटर मात्र एकदा पेटली की थोड्याच वेळात जळून संपते. मध्येच विझवता येत नाही, पुन्हा पेटवणं तर दूरच. 'किक' तसाच ठेवला तर आपल्याला स्कूटर आठवते, आणि तिथे पहिली किक वाया गेली तर दुसरी मारता येते. इथे नेमकी तीच सोय नाही. ('लाथ' सुचवणाऱ्यांना लांबूनच नमस्कार.)

हा 'एकदाच' शब्दात उतरायला हवा, कारण सगळी आखणी त्याच्याभोवती फिरते. भूस्थिर कक्षेकडे (जिथला उपग्रह पृथ्वीवरून एकाच जागी दिसतो) निघालेला उपग्रह लांबट कक्षेच्या अपभूला, सुमारे ३५,७८६ किमी उंचीवर पोचतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला जेमतेम १.६ किमी उरलेला असतो. तिथे वर्तुळाकार फिरायला ३.०७ हवा. ही तूट भरून काढायची आणि कक्षेचा विषुववृत्ताशी असलेला कलही घालवायचा, दोन्ही एकाच धक्क्यात. मोटरचा जोर मात्र जमिनीवरच ठरून गेलेला. तो जास्त होत असेल तर इंधन आधीच कमी भरतात, नाहीतर मोटरचं तोंड मुद्दाम जरा तिरकं धरून जादा जोर वाया घालवतात. इंधनाच्या थेंबाथेंबाचा हिशेब ठेवणाऱ्या धंद्यात ही उधळपट्टी मला भारी गमतीची वाटते. १९८१ साली भारताचा अ‍ॅपल उपग्रह भूस्थिर कक्षेत गेला तो अशाच मोटरवर. ती भारताच्याच एसएलव्ही-३ या रॉकेटच्या चौथ्या टप्प्यावरून बेतलेली होती.

वापरताना एक सांभाळा. धक्का 'दिला' म्हणा, 'बसला' नको. 'उपग्रहाला अपभूला धक्का बसला' म्हटलं की वाचक अपघाताची बातमी समजून पुढे वाचणार. तसंच 'अपभू'तला 'अप' अपयशातला वाटून काहीजण बिचकतात. इथे तो 'दूर' या अर्थाने आहे, अपहरणातल्यासारखा. जवळचा बिंदू तो उपभू.

'मोटर'च्या जागी 'इंजिन' मात्र लिहू नका. या क्षेत्रात घन इंधनाची ती मोटर आणि द्रव इंधनाचं ते इंजिन, असा सरळ भेद पाळतात. पाण्याची मोटर डोळ्यांपुढे येईल अशी धास्ती असेल तर पहिल्यांदा 'घन इंधनाची मोटर' असं पुरतं लिहा, पुढे नुसती मोटर चालेल.